मॉस्किटोचं ड्रॉइंग: फोटो पुरेत म्हणणाऱ्यांसाठी

बाल्साप्रेमी

मॉस्किटो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लाकडी विमान. त्याच्या मॉडेलबद्दल परवा दुसऱ्या धाग्यावर 'सह्याद्रीचा पंखा' यांनी लिहिलं: "स्केल ड्रॉइंगच्या नादी लागू नका. फोटो बघा, किट जोडा, मोकळे व्हा. मिलिमीटर कुणी मोजत नाही. आणि मॉस्किटो तर आपल्या पावसात सरस विरघळून पडलेलं विमान, त्याच्या अचूकतेचं काय घेऊन बसलात?" रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

फोटोवरून मॉस्किटो बनवता येत नाही. स्पिटफायर किंवा लाइटनिंग ही विमानं धातूची. पत्र्याचे सांधे दिसतात, रिव्हेटच्या ओळी दिसतात, दोन ओळींमधलं अंतर कळलं की पुढचं मोजत जाता येतं. मॉस्किटो लाकडाचं: सांगाडा म्हणजे बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड, त्यावर मादापोलम कापड ताणून बसवलेलं, त्यावर डोप (कापड घट्ट करणारं रोगण) आणि रंग. (हे मादापोलम नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या गावावरून पडलंय. इंग्लंडच्या विमानावर आपल्या गावाचं नाव, हे मला फार आवडतं.) तर पकडायला रेषाच नाही. किटवाले पंखभर पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा, कोरून ठेवतात आणि आपण त्यांत काळी शाई भरत बसतो. लाकडी पंखावर त्या असणार कशा?

दुसरं म्हणजे फोटो जमिनीवरचे. शेपूट टेकलेलं, नाक कॅमेऱ्याकडे, इंजिनाच्या नॅसेलमागे (आवरणामागे) अर्धा सांगाडा लपलेला. त्यातून लांबी काढून दाखवाच.

आता माझी गोष्ट. फायटर-बॉम्बर सहाव्या मार्कचं (आवृत्तीचं) १/४८ ड्रॉइंग मी झेरॉक्सवर आणलं आणि त्यावरून बाल्साचा पंख तासला. पंखाचा विस्तार १६.५१ मीटर, म्हणजे १/४८ ला ३४४ मिमी हवा. माझा ३३९ भरला. लांबी मात्र बरोबर! कागद एका दिशेने आकसला होता. पाच मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर २४ सेंटिमीटर. चार महिन्यांच्या रविवारांची ती मेहनत होती. वर त्या ड्रॉइंगमध्ये नॅसेल आखूड दाखवलेली, पंखाच्या मागच्या कडेआधीच संपणारी. ती पहिल्या नमुना विमानांची. शेपटीला हादरे बसत होते म्हणून पुढे नॅसेल मागे वाढवली आणि त्यापायी फ्लॅपचे, म्हणजे पंखामागच्या हलत्या झडपेचे, दोन तुकडे करावे लागले. नावाखाली 'सहावा मार्क' छापायचं आणि चित्र १९४१ चं द्यायचं, ही वाचकाची फसवणूक आहे.

म्हणून ड्रॉइंग हवं, आणि तपासलेलं हवं.

सह्याद्रीचा पंखा

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझीही बाजू ऐका. मी पंधरा-सोळा वर्षं सुट्टीत मुलांना मॉडेल शिकवतो. पहिल्या दिवशी बारा मुलं येतात. मग तुमच्यासारखे कुणी येऊन 'हा पंख दीड मिलिमीटर कमी आहे' असं सांगून जातात. पुढच्या रविवारी सात मुलं उरतात. एक मुलगा रडत घरी गेला होता. त्याने केलेला बॉम्बर मी अजून जपून ठेवलाय.

आणि ड्रॉइंगवाल्यांचं आपसात तरी कुठे जमतं? सहाव्या मार्कची लांबी एका ठिकाणी ४० फूट १०¾ इंच छापतात, दुसरीकडे ४१ फूट २ इंच. फरक सव्वातीन इंच. १/७२ ला जेमतेम एक मिलिमीटर. तेवढ्यासाठी लोक एकमेकांशी बोलणं सोडतात.

हॅटफिल्डवासी

मी इंग्लंडमध्ये हॅटफिल्डजवळच राहतो. इथल्या सॅलिसबरी हॉलच्या संग्रहालयात पहिलं मॉस्किटो, डब्ल्यू४०५०, समोर उभं आहे. २५ नोव्हेंबर १९४० ला हेच हॅटफिल्डहून उडालं. त्यामुळे बाल्साप्रेमी म्हणतात ते नमुना विमान डोळ्यांनी बघता येतं, वाद कशाला? पण गंमत बघा, या विमानाचा मूळ सांगाडा चाचणीत शेपटीच्या चाकापाशी तडकला आणि डब्ल्यू४०५१ या दुसऱ्या नमुना विमानासाठी केलेला सांगाडा त्याला बसवला. म्हणजे 'खरं विमान मोजा' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कुठलं खरं?

माझ्या मते हा वाद २०१७ मध्येच संपला. चेस्टरजवळच्या ब्रॉटन कारखान्याची जुनी इमारत पाडायच्या आधी मॉस्किटोची वीस हजारांवर मूळ तांत्रिक ड्रॉइंग्ज सापडली, कार्डांवरच्या मायक्रोफिल्ममध्ये. मॉस्किटो पुन्हा उडवू पाहणाऱ्या संस्थेला ती देऊन टाकली. आता पुस्तकातली सगळी थ्री-व्ह्यू (वरून, समोरून, बाजूने काढलेली चित्रं) रद्दीत घाला.

रोहिणी (ड्राफ्ट्समन, नाशिक)

रद्दीत घालायची घाई नको. तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढलीत म्हणून बोलते.

कारखान्याचं ड्रॉइंग हे विमानाचं चित्र नसतं. ते एका भागाला दिलेली आज्ञा असते. कोपऱ्यात ठळक लिहिलेलं असतं की ड्रॉइंगवरून माप मोजू नये, लिहिलेलं मापच धरावं. कारण आम्हालाच माहीत असतं की कागद हलतो. अमोनिया प्रिंट पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात आकसते. माझ्या पहिल्या नोकरीत एका शिकाऊ मुलाने प्रिंटवर पट्टी ठेवून भोकाचं अंतर काढलं आणि चाळीस ब्रॅकेटांचा लॉट भंगारात गेला. ओरडा मी खाल्ला, कारण तपासणीची सही माझी होती.

वीस हजार पानांत खिळा, ब्रॅकेट, बिजागरी असं सगळं असणार. ते जोडून बाहेरचा आकार उभा करणं हे वेगळंच काम. पुस्तकातली चांगली थ्री-व्ह्यू तेच काम करते. चूक तिथे होते, जिथे काढणारा मापं सोडून जुन्या चित्रावरून नवं चित्र काढतो. बाल्साप्रेमींच्या हातात तसलंच पान आलं.

सुतारनंदन

ड्रॉइंगचं तुमचं चालू द्या. मला त्या 'पावसात सरस विरघळून पडलं' यावर बोलायचंय, कारण ही थाप मी लहानपणापासून ऐकतोय.

माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यात सुतार. आमच्याकडे पाऊस काय असतो ते मी सांगायला नको. त्यांनी केलेली दारं पंचेचाळीस पावसाळे खाऊन उभी आहेत. फुगतात, आकसतात, पण सांधा सुटत नाही. का, तर दोन्ही बाजू रंध्याने इतक्या जुळवतात की मध्ये कागद जाणार नाही, मग सरस, मग शिकंजा, आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. फट राहिली की ते सरसाने भरत नाहीत, लाकूड परत तासतात.

ऑक्टोबर १९४४ मध्ये भारतात मॉस्किटोचे पंख हवेत तुटले, माणसं गेली. नोव्हेंबरमध्ये इथली मॉस्किटो उड्डाणातून काढली. लगेच बोट कुठे? आपल्या हवेकडे. उष्णता, मान्सून, वाळवी. पुढच्या तपासात इंग्लंडमध्येच बनलेली, मान्सून कधी न पाहिलेली विमानं उघडली, तर त्यांतही तेच दोष. सरस लावण्याचं कामच कच्चं. मग कोकणातल्या पावसाने काय पाप केलं होतं?

सह्याद्रीचा पंखा

सोयीचं तेवढं सांगू नका. मॉस्किटो बनवणाऱ्या कंपनीचे हेअरवर्ड डी हॅविलंड स्वतः भारतात आले होते आणि त्यांच्या अहवालात स्पष्ट आहे की पावसाळ्यात लाकूड आकसल्यामुळे हे झालं. शिवाय केसीनचा सरस म्हणजे दुधातलं प्रथिन. ओल आली की बुरशी धरणारच. म्हणून तर पुढे फॉर्माल्डिहाइडवाला सरस आणला.

आणि तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगतो, घराचं दार आणि ताशी सहाशे किलोमीटरने जाणारं विमान यांत फरक असतो.

सुतारनंदन

आदर ठेवून म्हणायचं आणि वर हे लिहायचं? बाबांनी दारंच केली, मान्य. पण विमान करणारे तरी कोण होते? फर्निचरवाले, कॅबिनेट करणारे, पियानो करणारे. सुतारच ना! त्यांचा सांधा सुटला तर 'हवामान', आणि आमचा सुटला असता तर 'गावठी काम'. हे सहन होत नाही.

तुम्ही सांगता तो अहवाल कंपनीच्या माणसाचा. त्याच अहवालात असंही आहे की सरस खराब झाल्यामुळे हे अपघात झाले नाहीत. म्हणजे तुमचं 'सरस विरघळला' हे तुमच्याच साक्षीदाराने खोडलंय! आणि त्यानंतरच्या तपासाने बांधणीच सदोष ठरवली.

बाल्साप्रेमी

दोघेही जरा थांबा. धागा ड्रॉइंगचा आहे.

सुतारनंदन

ड्रॉइंगचाच आहे. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध. वरची प्लायची कातडी मुख्य स्परला, म्हणजे पंखातल्या तुळईला, चिकटते, तिथे घोळ झाला. ड्रॉइंगमध्ये तिथे फट दाखवली असेल का? नसणारच. कागदावर सांधा नेहमी जुळतो. फट राहते ती सुताराच्या बाकावर, घाईत, लढाईच्या दिवसांत रोजचा आकडा पुरा करताना. मग उपाय काय केला, तर त्या सांध्याच्या सगळ्या लांबीवर बाहेरून प्लायची पट्टी मारली. बाल्साप्रेमी, तुमच्या 'तपासलेल्या' ड्रॉइंगमध्ये ती पट्टी आहे का?

बाल्साप्रेमी

नाही. माझ्याकडच्या एकाही पानावर नाही. हे मला सुचलंच नव्हतं. आणि मी वर लिहिलं की पंखावर रेषा असणार कशा. दुरुस्ती केलेल्या विमानावर त्या पट्टीची कड दिसू शकते, तेवढं मला मागे घ्यावं लागेल. बाकीच्या कोरलेल्या रेषा चूकच, त्यावर मी ठाम आहे.

डमडमचा पहारेकरी

सगळे लाकडातच अडकलात. कलकत्त्यावर जपानी बॉम्बर येत होते तेव्हा १७६ स्क्वॉड्रनची ब्यूफायटर लढाऊ विमानं तिथल्या डमडम तळावर होती, अस्सल धातूची. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग यांनी काही मिनिटांत तीन पाडले. चारच दिवसांनी क्रॉम्बी यांनीही बॉम्बर पाडले. माझे आजोबा तेव्हा कलकत्त्यात गोदीत कामाला होते, लोक शहर सोडून पळत होते, आणि त्या रात्रीनंतर धीर आला असं ते सांगायचे. त्या विमानाच्या ड्रॉइंगवर एक धागा नाही, मॉस्किटोवर मात्र दर महिन्याला.

हॅटफिल्डवासी

काढा की धागा, मी येईन. पण मॉस्किटो इथे पडलं म्हणून फसलं, हे तरी कुणी म्हणू नये. दुरुस्तीनंतर तीच विमानं रुपेरी रंगात आसामातल्या कुंभीरग्रामहून ब्रह्मदेशावर जात होती. ६८४ स्क्वॉड्रनची टेहळणी विमानं कलकत्त्याच्या अलिपूरहून कुठल्याकुठे फोटो काढून येत. आणि २०१२ मध्ये न्यूझीलंडमध्ये एक पुन्हा उडालं तेही सरसावरच, नव्या साच्यावर नवं लाकूड बसवून.

रोहिणी (ड्राफ्ट्समन, नाशिक)

सुतारनंदन यांचा मुद्दा मला पटला, आणि थोडा लागलाही. आम्ही टॉलरन्स लिहितो, 'फट इतकीच चालेल' असं. ते लिहिल्याने फट कमी होत नाही. ती बाकावरच्या माणसाच्या हातात असते, आणि त्याचं नाव ड्रॉइंगवर कधीच नसतं.

बाल्साप्रेमी, झेरॉक्सपूर्वी मूळ पानावर पेन्सिलीने शंभर मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ मारत जा. प्रतीवर दोन्ही मोजा. मग पंखासाठी चार महिने घालवा.

सह्याद्रीचा पंखा

सरसाबद्दलचं वाक्य मागे घेतो. पहिला अहवाल वाचून थांबलो, पुढचा वाचायला हवा होता. दाराबद्दल लिहिलं तेही नको होतं.

फोटोबद्दल मात्र घेणार नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मी आधी किटच देईन. रोहिणीताईंच्या त्या दोन रेघा त्याला बाराव्या वर्षी शिकवेन.

सुतारनंदन

ठीक आहे. विषय संपला असं म्हणत नाही, पण तुमच्याशी भांडण संपलं.

हॅटफिल्डवासी, त्या वीस हजार पानांत वरच्या कातडीच्या आणि स्परच्या सांध्याचं पान कुठे बघायला मिळालं तर कळवा. बाबांना दाखवायचंय. त्यांना इंग्रजी येत नाही, पण सांध्याचा छेद काढलेला असला तर तो ते बोट फिरवून वाचतात.