घर विकताना जुनी ओल कागदावर लिहून द्यावी का?

खिडकीपाशी
राहतं घर विकायला काढलंय. बारा वर्षं राहिलो इथे. तीन वर्षांपूर्वी मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली, प्लास्टर फुगलं. बाहेरून भेगा बुजवून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, आतून रंग दिला. त्यानंतरचे पावसाळे कोरडे गेले. घेणारं जोडपं दोनदा येऊन गेलं. दुसऱ्या वेळी नेमके त्याच भिंतीला टेकून पाऊण तास बोलत होते आणि मी गप्प. त्यांनी विचारलं नाही हे खरं, पण ते गेल्यावर मला घास उतरला नाही.

भाऊ म्हणतो, विचारलं तर सांग, नाहीतर कशाला तोंड उघडायचं. एजंटचंही तेच, फक्त गोड शब्दांत. माझ्या मनात आहे ते असं: ओल, दुरुस्ती, घरावरचं कर्ज, आम्ही बंद करून घेतलेली बाल्कनी, जे जे माहीत आहे ते एका कागदावर लिहायचं, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या आणि तो कागद करारनाम्याला जोडायचा. मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेय का?

रोखठोक
हो, घेताय.
मडकंसुद्धा लोक वाजवून घेतात. एवढी रक्कम टाकणाऱ्याने इंजिनिअर आणावा, भिंती ठोकून बघाव्यात. तुम्ही लिहून दिलंत की तो कागद सगळ्यात आधी भाव पाडायला वापरला जाईल. आणि ज्याची भिंत तुमच्यापेक्षा ओली आहे तो विकणारा तोंडाला कुलूप लावून पूर्ण भाव घेऊन जाईल. प्रामाणिकपणाचा दंड फक्त प्रामाणिक माणूसच भरतो. 'घर जसं आहे तसं, पाहून-समजून घेतलं' एवढं एक वाक्य करारात घाला आणि मोकळ्या व्हा.

ओली भिंत
रोखठोक, मी 'पाहून-समजून' घेतलेलंच घर आहे हे. नाव त्यावरूनच ठेवलंय.

आम्ही घर पाहिलं ते भर उन्हाळ्यात, ताज्या रंगाच्या वासात. तो वास आम्हाला चक्क आवडला होता! पहिल्याच पावसात बेडरूमच्या कोपऱ्यात नकाशा उमटला. विकणाऱ्यांना फोन केला तर 'आमच्या वेळी असं काही नव्हतं'. शोधाशोध करून एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. तो खोलीत शिरला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "अहो, ही भिंत मीच केली होती. तेव्हाच सांगितलं होतं, वरच्या पाइपचा जॉइंट बदला म्हणून." लेखी देशील का म्हटलं तर हसला. त्याला काम हवं होतं, कोर्टकचेरी नको होती.

म्हणजे विकणाऱ्याला माहीत होतं हे मला ठाऊक, वॉटरप्रूफिंगवाल्याला ठाऊक, आणि सिद्ध करायला हातात शून्य. मी तोंडी विचारलं होतं, 'गळती वगैरे काही?' उत्तर मिळालं होतं, 'छे छे.' हे 'छे छे' कुठे दाखवू? तेव्हा कागद असता तर एकतर खरं लिहिलं गेलं असतं किंवा खोट्याखाली सही झाली असती. दोन्ही चाललं असतं मला.

कलमदान
वकिली करतो. हा सल्ला समजू नका, माहिती समजा.

दिसणारा दोष आणि लपलेला दोष यांत कायदा फरक करतो. तुटलेली खिडकी घेणाऱ्याने बघायची. रंगाखालची ओल, जमिनीखालचा भराव, घरावरचा बोजा हे वरवर बघून कळत नाही. भारतातल्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ यावरच आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचा. मग तो वास्तूतला असो वा मालकी हक्कातला. न सांगणं ही फसवणूक, असं त्याच कलमात शेवटी स्पष्ट लिहिलंय. म्हणजे 'विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही' ही पळवाट समजतात तेवढी रुंद नाही.

गंमत म्हणजे त्याच कलमात घेणाऱ्यावरही बंधन आहे. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल, त्याला स्वतःलाच माहीत नसलेली पण त्या हक्काची किंमत बरीच वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला कळली असेल तर ती त्यानेही सांगायची. हे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही.

रोखठोक
कलमदान, कलमाची सुरुवात गाळलीत. 'उलट करार नसेल तर' असे शब्द आहेत तिथे. म्हणजे करार करून हे बंधन बाजूला ठेवता येतं. माझं 'जसं आहे तसं' तेच तर करतं.

कलमदान
शब्द आहेत, मान्य. पण तो करार म्हणजे नेमकं काय ठरलं होतं, यावर पुढे भांडण होतंच. आणि माहीत असलेली ओल मुद्दाम रंगाखाली दाबून वर 'जसं आहे तसं' लिहिलं, तर ते वाक्य फसवणुकीला पांघरूण घालेल या भरवशावर मी माझ्या अशिलाला बसू देणार नाही.

मुळात तुम्ही या कागदाकडे घेणाऱ्याच्या बाजूने बघताय. माझ्याकडे विकणारे येतात, पैसे मिळून वर्ष-दोन वर्षं झाल्यावर, हातात नोटीस घेऊन. ते सगळे म्हणतात, 'आम्ही सांगितलं होतं हो!' बहुतेक खरंच बोलत असतात. पण घेणारा म्हणतो नाही सांगितलं, आणि कागद कुणाकडेच नसतो. सही घेऊन सांगितलेल्या दोषावर घेणारा नंतर 'मला अंधारात ठेवलं' असं म्हणूच शकत नाही. रोखठोकांना जो दंड वाटतोय, तो मला विकणाऱ्याने स्वतःसाठी काढलेला विमा वाटतो. हप्ता एकदाच, आणि तोही भावातून वळता.

सातासमुद्रापार
अमेरिकेत दोनदा घर घेतलं, एकदा विकलं. १९७८च्या आधी बांधलेलं घर असेल तर शिशाच्या रंगाबद्दल जे माहीत आहे ते लेखी द्यावंच लागतं, १९९२चा केंद्रीय कायदा आहे. घेणाऱ्याला स्वतः तपासून घ्यायला दहा दिवस मिळतात. बाकी दोषांचं राज्याराज्यांत वेगवेगळं.

न्यूयॉर्कचा किस्सा तर ऐकाच. तिथे २००२ पासून छापील फॉर्म होता, पण फॉर्म न देता घेणाऱ्याला ५०० डॉलर वळते करून देण्याची मुभा होती. लोक सर्रास ५०० डॉलर देत आणि गप्प बसत. वकीलही तेच सुचवत. शेवटी मार्च २०२४ पासून ती मुभा काढली.

रोखठोक
बघा! माझाच मुद्दा. वकीलच म्हणत होते, लिहू नका.
आणि इंग्लंडचंही सांगा की. २००७ साली विकणाऱ्याने घराच्या माहितीचं अख्खं पाकीट तयार ठेवायचं, अशी सक्ती केली. २०१० मध्ये गुंडाळली. कागद वाढवले म्हणून विश्वास वाढत नाही.

आगाऊ
न्यूयॉर्क निघालंच आहे तर भुताचं घर राहिलं. १९९१चा निकाल. विकणाऱ्या बाईंनी आपल्या घरात भुतं आहेत असं मासिकात, वर्तमानपत्रात स्वतःच छापून आणलेलं, पण घेणाऱ्याला सांगितलं नाही. तो बाहेरगावचा, त्याला पत्ता नाही. कोर्ट म्हणालं, तुम्हीच जगाला सांगितलंत, तेव्हा कायद्याच्या नजरेत हे घर झपाटलेलंच. सौदा मोडायची परवानगी मिळाली. खिडकीपाशी, भूतबित असेल तर तेही यादीत टाका.

पाहणीवाला
स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. रोखठोकांचा 'इंजिनिअर आणावा' हा आग्रह माझ्या पोटापाण्याचा आहे, तरी अर्धाच बरोबर. मी कोरड्या ऋतूत भिंत बघतो, ओलावा मोजायचं यंत्र लावतो, ते कोरडंच दाखवतं. तीन वर्षांपूर्वी पाणी कुठून शिरलं हे मला यंत्र सांगत नाही, घरात राहिलेला माणूस सांगतो. त्याने एक ओळ लिहिली असेल तर मी थेट तिथली बाहेरची बाजू बघायला जातो. नाहीतर माझी सगळी तपासणी म्हणजे अंधारात बाण.

इंग्लंडमध्ये पाकीट गेलं, पण तिथे विकणाऱ्याने भरायची प्रश्नावली वकिलांमार्फत अजून चालते, हेही नोंदवतो. आता कागदाबद्दल. बहुतेक लोक चुकतात ते 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत. 'वाळवी नाही' असं कधी लिहू नका. तुम्ही जमीन खणून बघितलेली नाही. 'आम्हाला आढळलेली नाही' लिहा. तसंच 'भिंत दुरुस्त आहे' असं न लिहिता काय झालं, कधी झालं, काय काम करून घेतलं, त्यानंतर किती पावसाळे काही दिसलं नाही, एवढंच. पुढच्या पावसाळ्याची हमी तुमची नाही. बिल असेल तर जोडा, नसेल तर 'बिल नाही' हेही लिहा. आणि ती बाल्कनी! बंद करताना परवानगी घेतली होती का, ते ओलीपेक्षा महत्त्वाचं आहे. ओल सुकते, विनापरवाना बांधकाम नव्या मालकाच्या गळ्यात तसंच राहतं.

रोखठोक
म्हणजे सगळे 'माहीत नाही, माहीत नाही' लिहून मोकळे होणार. काय उपयोग?

पाहणीवाला
बारा वर्षं राहिलेला माणूस छताबद्दल 'माहीत नाही' म्हणत असेल, तर मी आधी छतच बघतो.

ओली भिंत
याला म्हणतात उत्तर.

खिडकीपाशी
सगळ्यांचे आभार, रोखठोक तुमचेही. बाल्कनीच्या परवानगीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. कागद शोधले, सापडले नाहीत, तसं लिहिलं. काल कागद त्यांना पाठवला. आज फोन आला, भाव थोडा कमी करून मागितला. भाऊ 'सांगितलं होतं ना' म्हणून रागावलाय. मी मधला आकडा सांगितलाय.

एक ओळ मात्र अजून रिकामी आहे. त्या ओलीवरून वरच्या मजल्यावरच्यांशी आमचं वाजलं होतं. आता मिटलंय, बोलणं-चालणं आहे. पण तेव्हा दोन्हीकडून पत्रं गेली होती. हे लिहायचं का?

रोखठोक
तोंडी भांडण असतं तर सोडा म्हणालो असतो. पत्रं गेली असतील तर लिहा. त्यांच्या कपाटात तुमचं पत्र असणारच, तारखेसकट.