प्रति: कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे नुसती हुल्लडबाजी?

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचं म्हणणं असं की आमच्याकडे फुटबॉल कमी आणि पेठांची भांडणं जास्त. भांडणं होतात, ते मी नाकारत नाही. प्रेक्षक मैदानात उतरले की सामना थांबतो, आणि भोगावं लागतं ते वर्षभर घाम गाळणाऱ्या पोरांना. अशा प्रेक्षकांवर कडक कारवाई व्हायलाच हवी.

पण तेवढंच बघून मत बनवू नका. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालीम मंडळं. जिथं कुस्ती रुजली, त्याच तालमींनी फुटबॉल वाढवला. कुणी मालकानं शहरात आणून ठेवलेले हे संघ नव्हेत, त्यामुळं पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ सामन्याला शाहू स्टेडियम भरतं ते आपल्या गल्लीतल्या पोरासाठी. टीव्हीवर युरोपातली गर्दी पाहून भारावणाऱ्यांना हीच ओढ इथं गावंढळ का वाटते?

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. खरी उणीव आहे ती चांगल्या मैदानांची आणि लहान वयातल्या प्रशिक्षणाची. टीका करायची तर त्यावर करा, आम्हीही तुमच्याबरोबर बोलू. आणि एकदा केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचा सामना बघायला या, जागा आम्ही धरून ठेवतो.