वाचनालयात गोष्टीचा तास, घरपोच पुस्तकं, अर्ज भरायला मदत: माणसं दोनच, कसं जमवावं?

पानखूण यांचा प्रश्न

मध्यम आकाराचं सार्वजनिक वाचनालय. देवघेवीला एक माणूस, बालविभाग आणि संगणक मिळून दुसरा, शिवाय चार-पाच स्वयंसेवक. रविवारच्या गोष्टीच्या तासाला पहिल्यांदा पन्नासेक मुलं होती, चौथ्या वेळी नऊ. त्यातली पुस्तक घरी नेणारी एक-दोन. दुसरीकडे वयस्कर सभासद जिना चढवत नाही म्हणून अनामत परत घेऊन जात आहेत. कार्यकारिणीला आता सगळंच एकदम हवं आहे: घरपोच सेवा, दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं, ऑनलाइन अर्ज भरायला मदत.

मुलं का गळतात? घरपोच सेवा कुठे कोलमडते? अर्ज भरताना पासवर्ड-ओटीपी कुणी टाकायचा? ‘उपक्रम स्तुत्य आहे’ छापाची उत्तरं कृपया नकोत.

कपाटकिल्ली

पन्नास मुलं हाच पहिला बिघाड. चित्रं दाखवत गोष्ट वाचायची तर पंधरा, फार तर वीस मुलं. त्यापुढे मागच्या रांगेला चित्र दिसत नाही. दिसलं नाही की चुळबूळ, आणि एकाची चुळबूळ अख्ख्या सतरंजीवर पसरते. दुसरा बिघाड वयाचा. तीन वर्षांचं आणि नऊ वर्षांचं मूल शेजारी बसवलं की एकाला कळत नाही आणि दुसऱ्याला ‘हे बाळांचं आहे’ असं वाटतं. ३ ते ६ आणि ७ ते १० असे गट पाडा, एका रविवारी एक गट, नावं आधी नोंदवून.

‘तास’ नावापुरता. लहान गटाला तीस मिनिटं पुरतात. पुस्तकं तीन, आणि सगळ्यात लांबलचक पहिलं, कारण लक्ष तेव्हाच ताजं असतं. मध्ये उभं राहून हातवाऱ्यांचं एखादं बडबडगीत. शेवटचं पुस्तक असं निवडा की एक ओळ त्यात पुन्हा पुन्हा येते. तिसऱ्या वेळी मुलं ती स्वतःच म्हणतात.

मांडणीकडे कुणी बघत नाही, पण अर्धं यश तिथेच असतं. वाचणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको; मुलांचे डोळे दिपतात आणि पान काळपट दिसतं. दार मुलांच्या पाठीशी हवं, म्हणजे उशिरा येणारे गोष्टीच्या मधून जात नाहीत. बुटक्या स्टुलावर बसून पुस्तक खांद्याच्या उंचीला, अंगाच्या एका बाजूला, खालून मधोमध धरायचं. पान दुसऱ्या हाताने वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. खालून उलटलं की मनगट नेमकं चित्रावर येतं. म्हणजे मजकूर तिरप्या नजरेने वाचावा लागतो आणि आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय ते जमत नाही. स्वयंसेवक घसरतात ते इथेच: ऐनवेळी हाताला लागेल ते पुस्तक काढायचं आणि मुलांसमोर अडखळत वाचायचं.

आता पुस्तक घरी का जात नाही. गोष्ट संपते तेव्हा देवघेव बंद झालेली असते का, ते आधी बघा. संपण्याची वेळ देवघेव बंद होण्याच्या किमान पाऊण तास आधीची हवी. त्याच खोलीत एका टेबलावर वीस-पंचवीस पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून मांडा आणि नोंद तिथेच करून द्या. (कपाटात कणा बाहेर करून ठेवलेलं पुस्तक चार वर्षांच्या मुलाच्या लेखी अस्तित्वातच नसतं.) नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांच्या जादा प्रती असतील तर त्या सगळ्यात आधी उचलल्या जातात. सभासदत्वाचे अर्ज आणि चालणारं पेन त्याच टेबलावर.

बारमाही उपक्रम जाहीर करू नका. दर गटाचे चार रविवार, म्हणजे एकूण आठ आठवडे, मग दोन-तीन आठवड्यांची विश्रांती. आणि नोंदवहीत नुसती डोकी मोजण्याऐवजी चार रकाने आखा: आलेली मुलं, त्यातली नवी, त्या वेळेत गेलेली पुस्तकं, नवे सभासद. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तुम्ही करमणुकीचा कार्यक्रम करताय, वाचनालयाचा नाही. कार्यकारिणीलाही हाच रकाना दाखवा.

देवघेव

घरपोच सेवेबद्दल. ती वाहतुकीमुळे क्वचितच बंद पडते. बंद पडते ती पुस्तकनिवडीमुळे. पहिल्या दोन पिशव्या आवडीच्या जातात, तिसऱ्या वेळी घाईत ‘असंच काहीतरी’ भरलं जातं, वाचक संकोचाने काही बोलत नाही आणि चौथ्या वेळी ‘आता नको’ म्हणतो. म्हणून निवडणारा आणि पोचवणारा ही दोन कामं वेगळी ठेवा. निवड ग्रंथालयातल्या माणसाने करायची, पोचवणं स्वयंसेवकाने. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात घराबाहेर न पडू शकणाऱ्या वाचकांसाठी वेगळी सोय आहे: निवडणारा, पोचवणारा, भेटीचा वार, किती आठवड्यांनी जायचं आणि आवडीनिवडी, सगळं सभासदाच्या नोंदीशी जोडता येतं. वहीवर चालवायचं तरी हेच रकाने ठेवा.

सुरुवातीला दहाच वाचक, तीन किंवा चार आठवड्यांचा फेरा, पिशवीत चार ते सहा पुस्तकं. त्यातलं एक मुद्दाम जरा वेगळं, पण एकच. पहिल्या भेटीत एक पानी माहिती भरून घ्या:
– काय आवडतं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय अजिबात नको (काहींना आजारपणाची, मृत्यूची पुस्तकं नकोशी असतात);
– अक्षर किती मोठं लागतं;
– पुस्तक दोन्ही हातांनी धरता येतं का.

शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सांधेदुखी असलेल्या माणसाला पाचशे पानांची पक्क्या बांधणीची कादंबरी छातीवर धरून वाचवत नाही. कागदी बांधणीची किंवा दोन भागांत बांधलेली प्रत द्या. मोठं अक्षर म्हणजे १६ पॉइंट किंवा त्याहून मोठं, आणि देवनागरीत तेवढ्याने भागत नाही: वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांना भिडू नयेत इतकं अंतर ओळींमध्येही हवं.

‘हे वाचलंय’ ही दुसरी तक्रार. ती टाळायला वाचलेल्या पुस्तकांची यादी जपावी लागते. पण कुणी काय वाचलं ही खासगी बाब, त्यामुळे या सेवेपुरती यादी ठेवायला वाचकाची लेखी संमती घ्या आणि सेवा थांबली की ती पुसा. पोचवणाऱ्याकडे यादी नको, फक्त बंद पिशवी आणि पत्ता.

पहिल्या भेटीला दोघांनी जायचं, ओळखपत्र गळ्यात, निघण्यापूर्वी फोन. पैसे हाताळायचे नाहीत, घराची किल्ली घ्यायची नाही, औषधं आणून देण्याचं कबूल करायचं नाही. उशिराचा दंड या सभासदांना लावूच नका. पुस्तक परत न्यायला उशिरा तुम्ही जाता, ते नाही.

कार्यकारिणी वेगळं शुल्क लावायचं म्हणाली तर इफ्ला (ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा समोर ठेवा. १९४९ मध्ये निघाला, १९९४ आणि २०२२ मध्ये सुधारला. ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः मोफत असावी आणि ज्यांना नेहमीच्या पद्धतीने ती घेता येत नाही त्यांच्यासाठी खास सोय करावी, असं त्यात स्पष्ट आहे.

ठिपके

बोलक्या पुस्तकांसाठी निराळा विभाग उघडू नका. देवघेव यांनी सांगितलेल्या पिशवीतच मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह जाऊ शकतो. खरी अडचण फाइलींची आहे.

‘आमच्याकडे पीडीएफ आहेत’ असं सगळे म्हणतात. स्कॅन केलेली पीडीएफ हे पानाचं छायाचित्र असतं. एनव्हीडीएसारखा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) त्यात गप्प बसतो. तपासायची सोपी रीत: पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र आहे. चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसला तर मजकूर युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये आहे आणि पडदावाचक तो खिचडाच वाचून दाखवेल. स्वच्छ देवनागरी आली तर जिंकलात.

जुन्या फाँटसाठी परिवर्तक मिळतात, पण रूपांतरानंतर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासाच. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. गडबड तिथेच होते. स्कॅनसाठी टेसेरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्रॅम) वापरा, त्यात मराठी आहे. ३०० डीपीआय, पान सरळ, आणि पुस्तक कण्यापाशी दाबून सपाट. नाहीतर आतल्या बाजूचे शब्द वाकतात आणि ओळखले जात नाहीत. घ-ध, भ-म यांची अदलाबदल आणि गळालेले अनुस्वार मुद्रितशोधनात धरा. तयार मजकूर ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात, प्रकरणांना शीर्षकाची शैली देऊन. शीर्षकं नसतील तर ऐकणाऱ्याला थेट सातव्या प्रकरणावर जाता येत नाही.

हक्कांचं: २०१३ चा माराकेश करार २०१६ पासून लागू आहे. करारात सामील देशांत, तिथल्या कायद्याच्या चौकटीत, अशा प्रती हक्कधारकाच्या परवानगीशिवाय करता येतात. त्यात फक्त दृष्टिहीन नाहीत. वाचनक्षमतेचा दोष असलेले आणि शारीरिक अडचणीमुळे पुस्तक धरू न शकणारेही येतात. म्हणजे वर सांधेदुखीचा उल्लेख आलाय त्यातले काही वाचकही. मात्र या प्रती त्यांच्यापुरत्याच. सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकता येत नाहीत.

रांग नंबर ३

अर्जांचं थोडक्यात. वीस मिनिटांची वेळ आधी ठरवून द्या, आणि कोणती कागदपत्रं लागतील ते आदल्या दिवशी कळवा.

क्रम: आधी सगळं स्कॅन करा, फाइलींचा आकार अर्जाच्या मर्यादेत बसवा, नावं द्या, आणि मगच संकेतस्थळ उघडा. उलट केलं की स्कॅन होईपर्यंत सत्र संपतं आणि पहिल्यापासून भरावं लागतं. फोटो आणि सहीचा आकार मर्यादेपेक्षा जास्तच नाही, कमी झाला तरी काही अर्ज नाकारले जातात.

पासवर्ड आणि ओटीपी अर्जदारच टाकेल. टाइप करता येत नसेल तर त्याने आणलेला त्याच्या विश्वासाचा माणूस टाकेल, कर्मचारी नाही. ‘वरील माहिती खरी आहे’ या चौकटीवर टिचकीही अर्जदाराचीच. शेवटी अर्ज क्रमांक कागदावर लिहून हातात द्या. मग खात्यातून बाहेर पडणं, ब्राउझरची खासगी खिडकी बंद, डाउनलोड आणि कचरापेटी रिकामी, आणि स्कॅनरच्या काचेखाली मूळ कागद राहिलाय का ते उचलून बघणं. राहतोच.

पानखूण

आभारी आहे. गट पाडणं आणि टेबल, दोन्ही येत्या रविवारी. एक शंका: घरोघरी फिरून परत आलेल्या पिशव्यांतून ढेकूण येण्याची भीती स्वयंसेवकांनी बोलून दाखवली आहे. फवारणी करावी का?

देवघेव

पुस्तकांवर फवारणी अजिबात नको. कागदावर डाग पडतात आणि औषध वाचकाच्या हाताला लागतं. परत आलेली पिशवी देवघेवीच्या टेबलावर न उघडता पांढऱ्या कागदावर उघडा. कण्याच्या पोकळीत, पुठ्ठ्याच्या सांध्यात आणि पहिल्या-शेवटच्या पानांच्या घडीत बघा: पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके, मिलिमीटरभर पांढरी अंडी, किंवा चार-पाच मिलिमीटरचा चपटा तपकिरी किडा.

संशय आला की पुस्तक जाड प्लास्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याखाली पूर्ण चार दिवस ठेवा. फ्रीजरमध्ये तापमापक ठेवून खात्री करा, कारण दार सारखं उघडलं की तापमान चढतं. चार दिवस मोजायचे ते पुस्तक आतपर्यंत गार झाल्यावर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. निदान एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर हवेतलं बाष्प थंड पानांवर जमून पुस्तक ओलं होतं. कातडी बांधणीची आणि छायाचित्रं चिकटवलेली पुस्तकं यात घालू नका.

पिशव्या कापडी ठेवा, दर फेऱ्याला गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायच्या. आणि ज्या घरातून ढेकूण आले तिथली सेवा तोडू नका. त्या वाचकाला काही फेरे फक्त मेमरी कार्ड किंवा बाद करायच्या यादीतली पुस्तकं द्या, जी परत आली नाहीत तरी चालतील.