गाडी वेळेवर, बसही वेळेवर, मी बाकड्यावर: आधी फुकट तिकीट की आधी जास्त फेऱ्या?

(सार्वजनिक वाहतुकीवर काही जणांची लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उशिराची गाडी
काल पुन्हा तेच. पॅसेंजर ९:१० ला फलाटाला लागली, वेळापत्रकात होती तशी. जिना उतरून बाहेर येतोय तोवर बसचे मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. तीही वेळेवरच, ९:१२ ची. पुढची चाळीस मिनिटांनी. म्हणजे कागदोपत्री दोघंही चोख, आणि माझी चाळीस मिनिटं कुणाच्याच खात्यात उशीर म्हणून जमा नाहीत.

सुधारणेचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी मागतात: मेट्रो, नाहीतर फुकट प्रवास. माझं म्हणणं, आधी फेऱ्या वाढवा आणि गाडी-बसची गाठ घालून द्या. बस दर चाळीस मिनिटांनी असेल तर वेळ न बघता आलेला माणूस सरासरी वीस मिनिटं ताटकळतो. दहा मिनिटांनी असेल तर पाच. रस्त्यावर वेग वाढवून पंधरा मिनिटं वाचवायची तर काय काय फोडावं लागेल, विचार करा.

स्वित्झर्लंडने १९८२ पासून मुख्य मार्गांवर दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी सोडायला सुरुवात केली. १९८७ च्या सार्वमतात पुढची मोठी योजना मंजूर झाली आणि २००४ साली बर्न-झुरिक प्रवास तासाच्या आत आला. तो विक्रमासाठी नव्हे, तर दोन्ही स्थानकांत तासाच्या ठोक्याला चहूकडच्या गाड्या एकमेकींना भेटाव्यात म्हणून. आधी वेळापत्रक ठरलं, मग त्यासाठी लागतील तेवढेच रूळ टाकले. बाकी जगात बहुतेक ठिकाणी उलटं चालतं.

खिशाचा विचार
तुमची चाळीस मिनिटं गेली याचं वाईट वाटतं, पण तुम्ही तिकीट काढू शकता म्हणून बाकड्यापर्यंत तरी पोचलात. ज्याला परवडत नाही तो चालत जातो, आणि त्याचा वेळ तर कोणीच मोजत नाही. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ पासून शहरवासीयांना प्रवास मोफत केला, लक्झेंबर्गने मार्च २०२० पासून अख्ख्या देशात, पहिला वर्ग तेवढा सोडून. आभाळ कोसळलं नाही.

हिशेबनीस
कोसळलं नाही, पण का ते बघा. लक्झेंबर्गमध्ये तिकिटांतून एकूण खर्चाचा दहावा हिस्साही निघत नव्हता, आणि सरकारची तिजोरी भरलेली. जिथे निम्मा खर्च तिकिटांवर चालतो तिथे ते पैसे आणायचे कुठून? तिथे फुकट केलं की पहिली कुऱ्हाड पडते ती फेऱ्यांवरच. आणि टॅलिनमध्ये बसकडे वळलेल्यांत आधी पायी जाणारे बरेच होते. चालणाऱ्याला बसमध्ये बसवलं म्हणून रस्त्यावरची मोटार कमी होत नाही.

जर्मनीचं २०२२ च्या उन्हाळ्यातलं ९ युरोचं मासिक तिकीट आठवा. तीन महिन्यांत ५ कोटींहून जास्त खपली. डबे मात्र होते तेवढेच. कित्येक मार्गांवर दारात उभं राहायला जागा नाही.

जाता जाता, रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्या आधी बंद करा. तेवढ्या पैशात गर्दीच्या मार्गावर हव्या तितक्या वाढवा.

खिशाचा विचार
पायी जाणाऱ्याला बस मिळाली, यात तक्रार कसली? मला तर हाच फायदा वाटतो. बरं, फुकट सोडा. व्हिएन्नाने २०१२ साली वर्षाचा पास ३६५ युरोवर आणला, दिवसाला एक युरो. त्याच सुमारास शहरात पार्किंगला पैसे लावायची हद्दही वाढवली. स्वस्त तिकीट आणि महाग पार्किंग, दोन्ही हातांनी टाळी. एवढं तरी मान्य करा.

हिशेबनीस
हे मान्य. पार्किंगवाला हात कोणी पुढे करत नाही ही खरी गोम.

भुयारी
सगळं खरं, पण बस शेवटी त्याच कोंडीत अडकते. दहा मिनिटांची फेरी कागदावर, रस्त्यावर पंचवीस. तासाला तीस-चाळीस हजार माणसं एका दिशेने न्यायची असतील तर रूळच हवेत. बससाठी मार्गिका आखली की आठवड्यात तिथे मोटारी उभ्या.

रुळावरचा
फेऱ्या वाढवा म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. एकेरी मार्गावर समोरची गाडी स्थानकात येईपर्यंत तुमची गाडी सुटतच नाही. पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी करून जलद गाडी पुढे काढतात, तेव्हा डब्यातले लोक आम्हाला शिव्या घालतात. पण दर स्थानकात थांबणारी आणि सुसाट जाणारी एकाच रुळावर चालवली की दोघींमध्ये मोठी फट ठेवावी लागते. सगळ्या एका चालीने धावल्या तर त्याच रुळावर कितीतरी जास्त बसतात. तेव्हा आधी दुहेरीकरण, सिग्नल, आणि पटकन वेग घेणाऱ्या विजेवरच्या गाड्या. हे काम उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, म्हणून रखडतं.

आणि हिशेबनीस, रिकाम्या फेऱ्यांचा हिशेब ब्रिटनने १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर, म्हणजे रेल्वेचा तोटा कमी करायच्या अहवालानंतर, करून पाहिला. तोट्यातले रेल्वेचे फाटे बंद केले. फाट्यावरचा माणूस मोटारीने मुख्य स्थानकावर येईल असा अंदाज होता. मोटारीत बसलेला माणूस थेट मुक्कामालाच गेला.

स्टीअरिंग
मी बस चालवतो. भुयारींची कोंडी खरी, पण निम्मा वेळ दारात जातो. एकेक जण पायरीवर उभा राहून सुटे मोजतो. पहिली बस अशी दोन मिनिटं मागे पडली की पुढच्या थांब्यावर माणसं जास्त, ती आणखी मागे. पाठची बस रिकामी, ती येऊन चिकटते. मग लोक म्हणतात, तासभर एक नाही आणि आल्या तर तीन. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ साली बसला स्वतंत्र मार्गिका दिली. पुढे नळीसारखे थांबे बांधले, पैसे थांब्यावरच, आणि बस आली की सगळी दारं एकदम उघडी. मेट्रोच्या मानाने खर्च किरकोळ. मार्गिकेत उभ्या मोटारी उचलायची हिंमत तेवढी लागते.

उशिराची गाडी, तुमच्यासारखा पळत येणारा माणूस आरशात दिसतो हो. पण थांबलो तर शेरा मला, आणि चौथ्या थांब्यावर पाळीला निघालेली बाई खोळंबते.

उशिराची गाडी
मग ९:१२ ची ९:१६ ला सोडा. शेऱ्याचा प्रश्नच नाही, त्या बाईलाही नवी वेळ कळेल.

स्टीअरिंग
टोकाला पोचते १०:०२ ला. तिथून हीच बस १०:०५ ला परत निघते. ९:१६ ला सुटलो तर तिकडचे लोक बाकड्यावर.

उशिराची गाडी
म्हणजे एक बस वाढवावी लागेल. तेच तर म्हणतोय.

हिशेबनीस
आणि तिचे पैसे?

स्टीअरिंग
बस आहे की. आमच्या आगारात दोन उभ्या आहेत, चांगल्या चालू. चालवायला माणूस नाही. गेल्या महिन्यात आणखी दोघं ट्रकवर गेले.