सरावाच्या लाकडी तलवारीला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी पेठेतील एका तालमीत आम्ही काही जण शाळकरी मुलामुलींना मर्दानी खेळ शिकवतो. लाठी आणि फरी-गदका झाल्यावर तलवारीचे हात सुरू होतात, पण पहिली दोन वर्षे मुलांच्या हाती लोखंड द्यायचे नाही, हा दंडक आमच्या वस्तादांनी घालून दिलेला आहे. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यात आम्ही बारा ‘लाकडी तलवारी’ मागवल्या. आल्या त्या रंगवलेल्या, मुठीला सोनेरी कागद चिकटवलेल्या आणि अगदी हलक्या लाकडाच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात दोन तलवारी मुठीपाशी मोडल्या आणि तिसरीची ढलपी उडून एका मुलीच्या भुवईला लागली. विक्रेत्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, की तुम्ही लाकडी तलवार मागितली आणि मी लाकडी तलवारच दिली. मला त्याचा राग आला होता, पण आमच्या मागणीपत्रातले शब्द पुन्हा वाचले तेव्हा त्याचे म्हणणे खोडून काढता येईना. सावंतवाडीच्या बाजारात पांगाऱ्याच्या लाकडाचे जे रंगीत खेळणे मिळते, तेही लाकडी तलवारच आहे आणि दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगायची शोभेची वस्तूही लाकडी तलवारच आहे.

माझा प्रश्न असा, की समोरच्याचा वार झेलण्यासाठी केलेल्या तलवारीला मराठीत स्वतःचा शब्द आहे का? असल्यास तो आजच्या सुताराला आणि दुकानदाराला कळेल का?

पहिले उत्तर

ताई, शब्द आहे आणि तो आपण स्वतःच प्रश्नात लिहिला आहे. गदका म्हणजे तलवारीच्या जागी सरावासाठी घेतलेली, वेताची किंवा लाकडाची, बहुधा चामड्याने मढवलेली छडी, आणि फरी म्हणजे तिच्या जोडीची लहान ढाल. पंजाबात याच जातीच्या खेळाला गतका म्हणतात, म्हणजे तिकडे छडीचे नाव सबंध विद्येलाच मिळाले. आपल्याकडे मात्र फरी-गदका हा जोडशब्द इतका रुळला, की गदका वेगळा काढून कोणी बोलत नाही. ‘मला दहा गदके हवे आहेत’ असे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत ऐकलेले नाही. तरीही ते व्याकरणाने आणि अर्थाने निर्दोष आहे. जुना शब्द हाताशी असताना ‘काष्ठखड्ग’ असा नवा घडवायला निघू नये, असे मला कळकळीने वाटते. असा शब्द कागदावर भारदस्त दिसतो, पण तालमीच्या मातीत तो कोणाच्या तोंडी बसणार नाही.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

सर, गदक्याचा मान मी पूर्ण ठेवते, पण तो माझी अडचण सोडवत नाही. गदका गोल असतो. त्याने अंतर कळते, पवित्रा बसतो, अंगावर येणाऱ्या वाराची भीती जाते. परंतु गोल छडीला धार कोणती आणि पाठ कोणती, हे हाताला कळत नाही. तलवारीचा वार धारेने लागला पाहिजे. मनगट थोडे जरी वळले तरी पाते चापट लागते, आणि ही चूक गदका कधीच दाखवून देत नाही. मुठीला परज, म्हणजे बोटांपुढची आड, नसल्यामुळे बोटे वाचवण्याची सवयही लागत नाही. मला हवी असलेली वस्तू पात्याच्या घडणीची आहे, तिला धारेची बाजू आहे, फक्त ती धार कापत नाही. तिला गदका म्हटले तर सुतार मला बारा छड्या करून देईल, आणि तेव्हाही चूक त्याची नसेल.

दुसरे उत्तर

या चर्चेत मला दोन शब्द ठेवायचे आहेत. दोन्ही सरावाच्या शस्त्रांचे आहेत आणि दोन्हींची वाट निराळी झाली.

पहिला शब्द बोथाटी. घोड्यावरून भाल्याचा सराव करताना टोकाला बोंडासारखा गोळा बसवलेला भाला वापरत, तो बोथाटी. बोथट या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. भाला लाकडाचा की वेळूचा हे या नावात सांगितलेले नाही. तो टोचणार नाही एवढेच सांगितले आहे, आणि सरावाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. नाव ठेवणाऱ्याने द्रव्य सोडून गुण पकडला.

दुसरा शब्द लेझीम. आज तो ऐकला की हलगीच्या तालावर पावले टाकणारी मुले डोळ्यांपुढे येतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ मात्र सरावाचे धनुष्य असा आहे. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले ते धनुष्य ओढून खांदे आणि दंड तयार करीत. पुढे धनुष्ययुद्ध गेले, साखळीचा आवाज उरला आणि त्या आवाजाचा खेळ झाला. सरावाच्या साधनाचे नाव मूळ शस्त्रापासून सुटले की ते कुठे जाऊन पोहोचते, याचे हे सुंदर उदाहरण आहे. गदक्याचेही थोडेफार असेच झाले आहे. तो तलवारीची जागा घेण्यासाठी आला आणि आता स्वतंत्र खेळाचे साधन बनला, म्हणून ताईंची तक्रार मला रास्त वाटते.

बाहेरच्या भाषांत दोन्ही रीती दिसतात. जपानी बोक्केन या शब्दाचा अर्थ सरळ ‘लाकडी तलवार’ असाच होतो, त्यामुळे द्रव्यावरून नाव देणे चूक आहे असे म्हणता येत नाही. तिकडे ते चालते, कारण त्या शब्दामागे लांबी, वाक आणि लाकूड यांची ठरलेली परंपरा उभी आहे. बोक्केन साधारण १०२ सें.मी. लांबीची आणि बहुधा जपानी ओकच्या लाकडाची असते, हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ठाऊक असते. बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेल्या शिनाईचे नाव मात्र वाकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आले, म्हणजे ते आपल्या बोथाटीच्या कुळातले. रोमन सैन्यातल्या नवशिक्यांना खऱ्या तलवारीच्या दुप्पट वजनाची लाकडी तलवार देऊन जमिनीत रोवलेल्या खांबावर वार करायला लावीत, असे व्हेगेटियस या लेखकाने नोंदवले आहे. लाकडी म्हणजे हलकी, ही समजूत तिथे मुळातच नव्हती.

मराठीत ‘लाकडी तलवार’ या शब्दामागे अशी परंपरा आज उरलेली नाही, आणि ताईंचे बारा नग तिथेच बिघडले. कायद्याच्या भाषेतही हीच पोकळी जाणवते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना लाठी, चालताना घ्यायची काठी आणि खेळण्यापलीकडे उपयोग नसलेल्या वस्तू वगळल्या आहेत. एकीकडे शस्त्र, दुसरीकडे काठी आणि खेळणे; सरावाचे साधन या मधल्या वस्तूला तिथे स्वतंत्र नाव मिळालेले नाही.

पहिल्या उत्तरकर्त्यांची भर

ताईंचा मुद्दा मान्य आहे, गदक्याचा आग्रह मी सोडतो. मात्र क्रियापदांकडे लक्ष वेधावेसे वाटते. मर्दानी खेळात आपण दांडपट्टा ‘फिरवतो’, लाठी ‘फिरवतो’, पण दोघे समोरासमोर आले की ती ‘लढत’ होते. फिरवणे एकट्याचे असते आणि तिथे साधनावर आघात होत नाही. लढतीत प्रत्येक वार लाकडावरच बसतो. म्हणून ‘फिरवण्याची तलवार’ आणि ‘लढतीची तलवार’ असे दोन शब्दप्रयोग वापरले तर नवे काहीही न घडवता सारा अर्थ पोहोचेल. २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाल्यापासून खोबळ्यासकट, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीसकट, शोभेचे पट्टे बाजारात पुष्कळ दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या बाबतीतही हाच भेद उपयोगी पडेल.

तिसरे उत्तर

मी भाषेचा अभ्यासक नाही, लाकडाच्या धंद्यातला आहे. सुताराला ‘लढतीची’ हा शब्द कळेल, पण त्याच्यासोबत लाकडाचे नाव दिले नाही तर तो साग घेईल, कारण साग म्हणजे उत्तम लाकूड हे त्याच्या डोक्यात पक्के असते. दारे-खिडक्यांना ते खरे आहे, पण सागाला आघात सोसत नाही, तो चिरतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपले लोक धामण वापरतात, आणि बाभूळही अवजारांना चालते; ज्या लाकडाने दांडा होतो त्याच लाकडाची तलवार करावी. फळीतले रेषे मुठीपासून अणीपर्यंत सरळ गेले पाहिजेत. ते मध्येच तिरके बाहेर पडत असतील तर मोड तिथेच होणार, आणि आपल्या दोन तलवारी मुठीपाशी मोडल्या त्या बहुधा याच कारणाने. गाठ असलेला तुकडा परत करा. लाकूड वाळलेले हवे, ओल्याची तलवार पावसाळ्यानंतर पिळते. रंग मुळीच लावू नका, कारण रंगाखाली चीर दिसत नाही. जवसाचे तेल पुरेसे आहे. आणखी एक, हे काम कातारी करणार नाही, तो गोल वस्तू करतो. रंध्याचे काम करणारा सुतार शोधा.

प्रश्नकर्तीचे शेवटचे टिपण

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दादांनी सांगितल्याप्रमाणे टिंबर मार्केटमध्ये चौकशी केली आणि धामणीच्या वाळलेल्या फळ्या मिळाल्या. ‘लाकडी’ हा शब्द मागणीपत्राच्या पहिल्या ओळीतून काढून दुसऱ्या ओळीत नेला आहे. सुताराला दिलेला मजकूर असा आहे:

‘लढतीच्या सरावाच्या तलवारी, नग बारा. लाकूड धामण, वाळलेले, रेषे सरळ, गाठ नको. हात खाली सोडून धरल्यावर अणी जमिनीला टेकू नये एवढी लांबी. मुले येऊन मापे देतील. पाते चपटे, एक बाजू धारेची व दुसरी पाठीची अशी हाताला कळावी, पण धारेची कड गोलसर व ५ मि.मी.पेक्षा जाड असावी. अणी बोथट. मुठीला परज. रंग नको, जवसाचे तेल दोन हात.’

सुतारकाकांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, की परज त्याच लाकडातून कोरायची की वेगळी बसवायची? त्यावर वस्तादांचे मत घेऊन उद्या त्यांना कळवणार आहे.