शब्दचर्चा: दरोडेखोर, चकमक, दंतकथा आणि परागंदा

१९३०च्या दशकात अमेरिकेत बँका लुटणाऱ्या एका खऱ्या जोडप्यावरच्या, आर्थर पेन यांनी दिग्दर्शित केलेल्या १९६७ सालच्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटाविषयी मराठीत लिहू लागले की पहिल्याच वाक्यात अडखळायला होते: या जोडप्याला म्हणायचे काय? ‘दरोडेखोर’ पटकन सुचतो. पण आपल्याकडे कायद्याच्या भाषेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून लुटले तरच तो ‘दरोडा’, एरवी ती ‘जबरी चोरी’. चित्रपटात साथीदार सी. डब्ल्यू. मॉस, क्लाइडचा भाऊ बक आणि भावजय ब्लँश येऊन मिळाल्यावर टोळी नेमकी पाच जणांची होते, म्हणजे हा शब्द लागू पडायलाही बराच वेळ जावा लागतो. ‘डाकू’ म्हटले की चंबळचे खोरे आणि घोडे डोळ्यांपुढे येतात. ‘बंडखोर’ म्हणावे तर त्यांच्या पदरी नसलेला हेतू आपण बांधतो. बँकेने ज्याचे घर जप्त केले आहे अशा शेतकऱ्याच्या हाती क्लाइड पिस्तूल देतो आणि तो बँकेच्या फलकावर गोळ्या झाडतो, हे दृश्य पाहताना मंदीच्या काळातील लोकांना ही दोघे आपली का वाटली असतील ते उमगते. परंतु त्यावरून बंड सिद्ध होत नाही.

हिंसेसाठीचे शब्दही तपासून वापरावे लागतात. दोघे मारले जातात त्या शेवटच्या प्रसंगाला अनेक जण ‘चकमक’ म्हणतात, ते मला साफ चुकीचे वाटते. चकमक दोन्ही बाजूंनी झडते. प्रत्यक्षात अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २३ मे १९३४ रोजी सहा पोलीस त्यांच्यासाठी झुडपांत दबा धरून बसले होते. पडद्यावरही पाखरे भुर्रकन उडतात, दोघे एकमेकांकडे पाहतात आणि मग एकाच बाजूने गोळ्यांचा मारा होतो. वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी टिपलेले ते देह मंदगतीत हेलकावतात, म्हणून त्या मरणाला एक भयंकर लय येते. याउलट, पळणाऱ्या मोटारीच्या फळीवर चढलेल्या बँकेच्या माणसाला क्लाइड काचेतून तोंडावरच गोळी घालतो, तेव्हा लय वगैरे काही नसते, फक्त फुटलेली काच आणि रक्त असते. पहिल्यासाठी ‘हत्या’ आणि दुसऱ्यासाठी ‘खून’ हा भेद मी राखीन.

‘मिथक’ हा शब्द येथे फार वर जातो. त्याला देवादिकांचा वास आहे. ‘दंतकथा’ अधिक जवळचा, कारण ती तोंडोतोंडी वाढते. ही दोघे मात्र आपली दंतकथा स्वतःच घडवतात: बॉनी चिरूट तोंडात धरून छायाचित्र काढून घेते, कविता लिहिते, आणि ती वर्तमानपत्रात छापून आली की लोक आपल्याला लक्षात ठेवतील असे हिने केले, म्हणून क्लाइड हरखून जातो.

या सगळ्यांपेक्षा मला ‘परागंदा’ हा शब्द नेमका वाटतो. मूळ फारसी अर्थ ‘विखुरलेला’. मराठीत, घरदार सोडून पळालेला. बॉनीची आई धुरकट उन्हात भेटते. मुलीला आईपासून तीन मैलांच्या आत राहायचे आहे असे क्लाइड सांगतो, तेव्हा इतक्या जवळ राहिलीस तर फार दिवस जगणार नाहीस, असे ती शांतपणे मुलीला बजावते. त्या क्षणी बॉनी परागंदा होते. ‘परागंदा जोडपे’ असा विशेषण म्हणून वापर मला खटकत नाही. ‘ते दोन परागंदा’ असे नाम म्हणून मात्र कानाला अपुरे वाटते. असा नामप्रयोग कोणाच्या बोलण्यात असेल, तर उदाहरणासह अवश्य सांगावे.