शरण न जाणाऱ्याने ‘सरणं गच्छामि’ म्हणावे का?

माचीपेठ, सातारा

सप्रेम नमस्कार. बुद्धपौर्णिमा तीन आठवड्यांवर आली आहे आणि गेल्या वर्षीच्या याच दिवसापासून मनात राहिलेला एक प्रश्न मला येथे मांडायचा आहे. गेल्या वर्षी आम्ही उभयता श्रीलंकेत होतो. वेसाकच्या दिवशी, म्हणजे आपल्या वैशाख पौर्णिमेला, अनुराधपूरच्या जय श्री महाबोधीच्या दर्शनाला गेलो. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तेथे नेली आणि तिचाच हा वृक्ष आहे, अशी तेथील श्रद्धा आहे. चपला आणि टोपी बाहेरच काढून ठेवावी लागते, त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या जमिनीवर आम्ही अनवाणी आणि उघड्या डोक्याने चालत होतो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी आदल्या रात्री पांढरे नेसून जा, एवढेच सांगितले होते. ते किती महत्त्वाचे होते, हे आत शिरल्यावर कळले, कारण नजर पोहोचेल तिथवर पांढऱ्या वस्त्रांतली माणसे बसली होती. अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेऊन दिवसभर तेथे थांबलेल्या एका आजीबाईंनी काही न विचारता आपली चटई निम्मी सरकवून मला जागा दिली, माझ्या हातातल्या कमळांवर आपल्या बाटलीतले पाणी शिंपडले आणि देठ बोटांनी पुसून फुले परत दिली.

थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून भिक्खूंचा आवाज आला आणि सगळ्यांचे हात जुळले. आमच्या पुढे बसलेले एक युरोपीय जोडपे स्वस्थ ऐकत होते, कारण त्यांना शब्द कळत नव्हते. मला मात्र कळत होते. ‘सरणं गच्छामि’चा अर्थ मराठी माणसाला कोणाला विचारावा लागत नाही. क्षणभर जीभ अडली आणि मग मी सर्वांबरोबर तिन्ही वेळा म्हटले. आम्ही बौद्ध नाही. घरी गणपती बसतो, चैत्रात गौर असते. तरीही मी केले ते योग्यच होते, असे मला वाटते. पंगतीत जागा घेतल्यावर ताटावर हात आडवा धरून बसणे बरे दिसत नाही. यंदा साताऱ्यातच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या विहारात प्रथमच जावे आणि तेथेही म्हणावे, असा माझा विचार आहे. माझ्या पतींचे मत वेगळे आहे. पाहुण्याने पाहुण्यासारखे गप्प बसावे, असे ते म्हणतात. आपणा सर्वांना काय वाटते?

आगाशिव, कराड

ताई, सप्रेम जयभीम. आपण विहारात अवश्य यावे, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे लिहिणे कोणाला दार लावल्यासारखे वाटू नये. परंतु आपल्या यजमानांचे म्हणणे मला पटते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे शब्द) आणि पंचशील (आचरणाचे पाच नियम) घेतले, त्यानंतर समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दिले, आणि त्याबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे आणि तिसरी गौरी-गणपतीला न मानण्याची आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या बौद्ध माणसासाठी ‘सरणं गच्छामि’ हे शब्द एकटे आलेले नाहीत; त्यांच्याबरोबर काही तरी सोडणे आले आहे. आमच्या वस्तीने पुढच्या वर्षी दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून कोयनेत सोडले. ती देवळी नंतर कित्येक महिने रिकामी होती. आजी रोज सकाळी सारवताना तिथपर्यंत हात नेत असे आणि दिव्याच्या तेलाचा काळा डाग तेवढा टाळून पुढे जात असे. पुढे तिथे बुद्धांची तसबीर लागली, पण तो डाग घर पाडेपर्यंत गेला नाही. या शब्दांसाठी ज्यांनी पिढ्यांची सवय एका दिवसात मोडली, त्यांच्या शेजारी बसून ज्यांना काहीच मोडायचे नाही त्यांनी तेच शब्द उच्चारावेत, हे मला खटकते.

दुसरी गोष्ट साधी आहे. त्रिशरणानंतर लगेच पंचशील येते आणि त्यात ‘मुसावादा वेरमणी’ आहे, म्हणजे खोटे न बोलण्याचा नियम. शरण जायचे नसताना ‘जातो’ म्हणायचे आणि पुढच्याच मिनिटाला खोटे बोलणार नाही असे म्हणायचे, हे जुळत नाही. गप्प बसलेल्या पाहुण्याला आमच्यात कोणी अपमान मानत नाही. हात जोडा, मान लववा, पूर्ण वंदना होईपर्यंत उठू नका, नंतर खीर घेतल्याशिवाय जाऊ नका. आदर एवढ्याने पूर्ण होतो.

विद्यार्थी, मिरज

आगाशिव सर, आपल्या आजींची आठवण वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी स्वतः बौद्ध कुटुंबातला आहे आणि माझ्या मते आपण शरण या शब्दाला दीक्षेच्या दाखल्यासारखे धरत आहात. इगतपुरीला १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे चालतात. तेथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, जैन असे सर्व लोक येतात आणि सुरुवातीला त्यांच्याकडून त्रिशरण म्हणवून घेतले जाते. शरण एखाद्या व्यक्तीला नसून बुद्धाच्या, धम्माच्या आणि संघाच्या गुणांना आहे, असे त्यांना तेथे सांगितले जाते. गौर बसवणाऱ्या बाईंना जागृत होण्याच्या गुणाला शरण जाता येत नाही, असे कोणी म्हणू नये.

शिवाय आपण ‘दुतियम्पि’ आणि ‘ततियम्पि’ का म्हणतो? दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही तेच म्हणावे लागते, कारण एकदा म्हटल्याने माणूस तिथे पोहोचत नाही. मी लहानपणी शेजारच्या मुलाच्या खिशातल्या गोट्या मोजत त्रिशरण म्हटले आहे. ते खोटे होते का? तोंडातून शब्द आधी गेला आणि मन मागाहून आले, असे माझ्या बाबतीत झाले. ताईंच्या बाबतीत तसे होणार नाही, हे आपण आज कसे ठरवावे?

सहलवाला, सांगली

मी दरवर्षी तीस-चाळीस जणांना सांगली आणि आसपासच्या गावांतून बोधगया, सारनाथ, कुशीनगर येथे नेतो, एकदा श्रीलंकेलाही नेले आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. तोंडाने काय म्हणावे हा प्रश्न एकट्या-दुकट्या प्रवाशाचा आहे. गट घेऊन गेल्यावर प्रश्न पायांचा आणि फोनचा होतो. बोधगयेच्या महाबोधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, हे आम्ही निघण्यापूर्वी तीनदा सांगतो, तरी दारावर निम्म्यांची चिडचिड होते. श्रीलंकेत आमच्यातले एक गृहस्थ बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढायला उभे राहिले आणि पहारेकऱ्याने त्यांना हाताला धरून बाजूला केले. ते गृहस्थ वाईट नव्हते. आपण देवळात मूर्तीला पाठ दाखवत नाही, मागे सरत बाहेर येतो, हे त्यांना घरी कोणी सांगावे लागले नसते. पण प्रवासात माणूस घरचे शहाणपण बॅगेत ठेवून फिरतो.

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की पवित्र दिवशी प्रवाशाने मुळात जाऊच नये. त्या दिवशी वृक्षाखालची प्रत्येक हातभर जागा एखाद्या उपासकाची असते, जो कदाचित आयुष्यात एकदाच तेथे येतो. आपण तेथे बसलो की तो बाहेर उभा राहतो. माझा गट पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पोहोचतो, सजावट पाहतो आणि पौर्णिमेला पहाटे निघतो. वैशाखातले गयेचे ऊन साठीच्या माणसांना सोसत नाही, हेही आहे. पण खरे कारण जागेचे आहे.

आगाशिव, कराड

सहलवाले काका, आपली भावना चांगली आहे, पण ही माघार मला नको आहे. आमच्या सणाच्या दिवशी आम्ही आमच्यातच असतो, हेच तर वर्षानुवर्षे होत आले आहे. भीमराव नावाचा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यात ज्या शाळेत दाखल झाला, तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल, हे साताऱ्यातली शाळकरी मुले सांगतात. पण त्यांच्या आईवडिलांपैकी किती जण १४ एप्रिलची मिरवणूक सोडून एरवी, वंदनेच्या वेळी, विहाराच्या आत बसले आहेत? माचीपेठ ताई, वाईट वाटून घेऊ नका. वेसाकसाठी समुद्र ओलांडला, आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा विहार यंदा प्रथमच मनात आला, हे आपणच लिहिले आहे. गर्दीचे कारण अनुराधपूरला आणि बोधगयेला खरे आहे. इथे ते लागू नाही. इथे एक चटई जास्त अंथरावी लागेल एवढेच.

आता मिरजेच्या मित्राला. विपश्यनेचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. तेथे शरण म्हणणारा माणूस दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन पाळतो, पहाटे चारला उठतो, पाय अवघडले तरी बसून राहतो. शब्दामागोमाग त्याचा देह येतो. आपण गोट्या मोजत म्हटले तेव्हाही दुसऱ्या दिवशी, पुढच्या पौर्णिमेला, लग्नात, मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनात आपण तेच शब्द पुन्हा म्हणणार होता आणि तसे वाढलात. प्रवासी दुपारच्या गाडीने निघून जातो. मी त्याच्या मनाची परीक्षा घेत नाही. त्या शब्दाला पुढचा दिवस आहे का, एवढेच विचारतो.

एक मात्र आपल्यामुळे माझ्या लक्षात आले आणि ते मी मान्य करतो. त्रिशरण आणि पंचशील यांना मी एकाच गाठोड्यात बांधले होते. पंचशीलात ‘सिक्खापदं समादियामि’ आहे, म्हणजे हा शिकवणीचा नियम मी अंगी घेतो. ते कोणीही घेऊ शकतो, निदान एका दिवसापुरते. श्रीलंकेत वेसाकला दारू आणि मांसाची विक्री बंद असते. तेथे गेलेल्या प्रवाशाने त्या रात्री खोलीत बाटली उघडली नाही, तर त्याने पाचवे शील तोंडाने न म्हणताही पाळले. आणि ‘अदिन्नादाना’, न दिलेले घेणे, हे चोरीपुरतेच आहे असे मला वाटत नाही. डोळे मिटून बसलेल्या आजीचे न विचारता घेतलेले छायाचित्र हेही तिने न दिलेले आहे. ज्याला काही म्हणायचेच असेल त्याने ही दोन शिले मनापासून म्हणावीत.

विद्यार्थी, मिरज

पंचशीलाबद्दल आपण एक पाऊल पुढे आलात, याचा आनंद आहे. ‘पुढचा दिवस’ हा मुद्दाही वजनाचा आहे, तो मी नाकारत नाही. तरी एक सांगावेसे वाटते. आपल्याच कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत, आणि मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावरील लेखांत करहकटच्या, म्हणजे कराडच्या, दात्यांचे उल्लेख आहेत. कृष्णाकाठची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या दूरच्या स्तूपाला दान देत होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी कोणता देव होता, हे त्या दगडावर कोणी विचारून लिहिलेले नाही. दान घेतले आणि नाव कोरले. ताईंनी म्हटलेल्या तीन ओळी मी तशाच घेईन. इथे आपले मत जुळणार नाही, आणि ते मी तसेच ठेवतो.

माचीपेठ, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. विहाराबद्दलचे आगाशिव दादांचे बोलणे मला लागले आणि ते खरे होते म्हणून लागले. त्या विहारावरून मी नोकरीच्या काळात अठ्ठावीस वर्षे रोज दोनदा गेले आहे. आतून कधी पाहिला नाही.

तीन दिवस विचार केला. पंगतीची उपमा मी चुकीची दिली होती. पंगतीत वाढलेले पान आपल्यासाठीच असते. शरणाचे शब्द त्या दिवशी ज्यांनी मोल दिले त्यांच्यासाठी होते आणि मी त्यांत आपले पान मांडून घेतले. मिरजेच्या मुलाचा मोठेपणा असा की तो ते पान माझेच समजतो, पण यंदा मी त्रिशरणाच्या वेळी हात जोडून ऐकणार आहे. पंचशीलातली खोटे न बोलण्याची आणि न दिलेले न घेण्याची, ही दोन म्हणणार आहे, कारण ती पाळायची माझी तयारी आहे. अनुराधपूरला शेवटी सगळ्यांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हटले होते. तो शब्द पाहुणीने म्हटला तर चालेल ना? त्यात मी कोणाला काही वचन देत नाही. जे झाले ते चांगले झाले, एवढेच म्हणते.

यजमान खिरीसाठी दहा लिटर दूध द्यावे म्हणतात. ते कोणाकडे आणि केव्हा पोहोचवावे, हे कळवावे.

आगाशिव, कराड

ताई, ‘साधु’ जरूर म्हणा, मोठ्याने म्हणा. दुधाचे मात्र आदल्या दिवशी विहाराच्या समितीला सांगून ठेवा आणि पहाटे सहाच्या आत, तापवून न आणता, कच्चेच द्या. ऐनवेळी आलेले दूध खीर करणाऱ्या बायका मोठ्या पातेल्यात ओतत नाहीत, आधी वाटीभर वेगळे तापवून पाहतात. एका पिशवीतले दूध फाटले तर सगळ्या वस्तीची खीर जाते. यजमानांना वाईट वाटू नये म्हणून आधीच लिहिले.